बंदुकबंदीला मुदत, शिक्षेला नाही : अमेरिकेच्या फेडरल गुन्हे-कायद्यांतून काय शिकायचं?

खिडकीपाशी

२०२०च्या निवडणुकीत जो बायडन यांच्यामागे २६ वर्षांपूर्वीचा एक कायदा हात धुऊन लागला होता. १९९४चा 'क्राइम बिल'. तेव्हा ते सिनेटच्या न्याय समितीचे अध्यक्ष होते. अमेरिकेचे तुरुंग या एका कायद्याने भरले, असं त्यांचे टीकाकार म्हणत होते. परवा इथे फाशीच्या धाग्यावर कुणीतरी हेच वाक्य टाकलं आणि गाडी भलत्याच रुळावर गेली, म्हणून वेगळा धागा काढतोय.

माझ्या मते १९९४च्या कायद्याला त्याच्या वाट्याच्या दुप्पट शिव्या मिळतात आणि १९८६च्या कायद्याला निम्म्यासुद्धा मिळत नाहीत. म्हणून आधी १९८६.

लेन बायस हा मेरीलँड विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू. १७ जून १९८६ला बॉस्टन सेल्टिक्सने त्याला ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्यात) दुसऱ्या क्रमांकावर उचललं आणि १९ जूनला तो कोकेनने गेला. त्या काळात क्रॅक नावाच्या स्वस्त कोकेनची हवा होती, त्यामुळे हा क्रॅकचाच बळी असं सगळ्यांनी धरून टाकलं. प्रत्यक्षात ती साधी कोकेनची पूड होती. प्रतिनिधिगृहाचे सभापती टिप ओनील मॅसॅच्युसेट्सचे, म्हणजे मतदार सगळे सेल्टिक्सवाले. नोव्हेंबरात निवडणूक. संसदेची सुट्टी संपेपर्यंत अमली पदार्थांचा कायदा तयार पाहिजे, असं फर्मान निघालं. सप्टेंबरात ३९२ विरुद्ध १६ मतांनी विधेयक मंजूर झालं आणि २७ ऑक्टोबरला रेगन यांची सही. जून ते ऑक्टोबर, खेळ खलास.

या कायद्यात किती ग्रॅमला किती वर्षं हे थेट लिहिलेलं होतं. क्रॅक ५ ग्रॅम असेल तर किमान ५ वर्षं. पूड असेल तर तेवढ्याच शिक्षेला ५०० ग्रॅम लागायची. वरची पायरी १० वर्षांची, तिथेही ५० ग्रॅम आणि ५ किलो. शंभरास एक. क्रॅक म्हणजे काय, तर तीच पूड पाण्यात खायच्या सोड्याबरोबर तापवून केलेले खडे. १०० हा आकडा कुठल्याही प्रयोगशाळेतून आलेला नाही, दोन्ही पक्षांच्या चढाओढीत तो फुगत गेला. पाच वर्षंवाला म्हणजे 'गंभीर' व्यापारी आणि दहावाला म्हणजे 'बडा' व्यापारी, अशी कल्पना होती. आता ५ ग्रॅमवाला कुठला व्यापारी? तो नाक्यावरचा पोरगा. प्रतिनिधिगृहाच्या गुन्हेविषयक उपसमितीचे वकील एरिक स्टर्लिंग यांचा या मसुद्यात हात होता. पुढे याच सक्तीच्या शिक्षांविरुद्ध मोहीम चालवण्यात त्यांनी वर्षानुवर्षं घालवली.

गंमत म्हणजे अमेरिकेला हा धडा आधीच मिळालेला होता. १९५१च्या बॉग्ज कायद्याने अशाच सक्तीच्या किमान शिक्षा आणल्या होत्या. त्यांचा उपयोग होत नाही म्हणून १९७०मध्ये त्यातल्या बहुतेक काढून टाकल्या. काढायच्या बाजूने मत देणाऱ्यांत टेक्ससचे एक तरुण प्रतिनिधी होते, जॉर्ज बुश (थोरले). सोळा वर्षांनी त्याच शिक्षा परत आल्या तेव्हा हे गृहस्थ उपराष्ट्राध्यक्ष.

त्याआधी १९८४ला आणखी एक काम झालं होतं. सिनेटर टेड केनेडी (उदारमतवादी डेमोक्रॅट) आणि स्ट्रॉम थरमंड (कडवे रिपब्लिकन), म्हणजे एक उत्तर ध्रुव आणि एक दक्षिण, यांनी मिळून शिक्षेचा कायदा बदलला. हेतू अगदी सरळ : एकाच गुन्ह्याला एक न्यायाधीश दोन वर्षं देतो, दुसरा बारा, हे थांबवायचं. त्यासाठी तक्ते करणारा आयोग नेमला आणि चांगली वागणूक पाहून बोर्डाने मुदतीआधी सोडण्याची फेडरल, म्हणजे केंद्र सरकारची, पद्धत बंद केली. म्हणजे कैद्याने साधारण ८५ टक्के शिक्षा भोगलीच पाहिजे. दोन वर्षांनी त्यावर १९८६चे आकडे येऊन बसले. एका कायद्याने मागचं दार बंद केलं, दुसऱ्याने पुढून माणसं आत ढकलली.

आता १९९४. १३ सप्टेंबरला क्लिंटन यांनी सही केली. एक लाख पोलिसांची भरती, तुरुंगांसाठी ९७० कोटी डॉलर, गुन्हे होऊच नयेत यासाठीच्या योजनांना ६१० कोटी, स्त्रियांवरील अत्याचारविरोधी कायदा, कैद्यांच्या कॉलेजशिक्षणाचं अनुदान बंद, तिसऱ्या गंभीर गुन्ह्याला जन्मठेप, आणि लष्करी धाटणीच्या बंदुकांवर बंदी. या बंदीला मात्र १० वर्षांची मुदत घातलेली होती. सप्टेंबर २००४ला ती आपोआप संपली, कुणाला बोटसुद्धा हलवावं लागलं नाही. स्त्रियांच्या कायद्यातल्या निधीसाठी ठराविक वर्षांनी पुन्हा संसदेच्या दारात जावं लागतं. शिक्षांना मात्र कसलीच मुदत नाही, आणि ती असावी असं माझं मत. त्या रद्द करायच्या तर कुणीतरी उभं राहून 'गुन्हेगारांची शिक्षा कमी करा' असं निवडणुकीच्या वर्षात म्हणायला हवं. कोण म्हणणार?

म्हणून हिशोब बघा. शिक्षा-आयोगाने १९९५ला क्रॅक आणि पूड एकाच मापात आणायची शिफारस केली. संसदेने ती फेटाळली, क्लिंटन यांनी फेटाळण्यावर सही केली. २०१०ला शंभराचं प्रमाण १८वर आलं, पण फक्त नव्या खटल्यांसाठी. आधीच आत असलेल्यांना तो फायदा मिळाला डिसेंबर २०१८ला, 'फर्स्ट स्टेप' कायद्याने, ट्रम्प यांच्या सहीने. घालायला चार महिने, काढायला ३२ वर्षं, तेही अर्धवट.

---

रानमेवा_७२

छान लिहिलंय. पण एक बाळबोध प्रश्न. न्यूयॉर्कमध्ये १९९०ला २२००च्या वर खून झाले होते, २०१८ला ३००च्या आत. मग कायदा चुकला कसा म्हणायचा? सज्जन माणसाला रात्री रस्त्याने चालता यायला लागलं, हे काही कमी आहे का?

---

मुक्काम_पोस्ट

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

जर्सीतली_मावशी

रानमेवा, रात्रीचं मी सांगते. १९८७ला आम्ही जर्सी सिटीत होतो. 'डॉटबस्टर्स' नावाच्या टोळक्याचं पत्र तिथल्या वर्तमानपत्रात छापून आलं होतं, भारतीयांना इथून हाकलणार म्हणून. कुंकू लावलेली बाई दिसली की मागे लागायचे. त्याच सुमारास शेजारच्या होबोकेनमध्ये एका भारतीय तरुणाचा मारहाणीत जीव गेला. आमच्या बिल्डिंगमधल्या बायका लिफ्टमध्ये टिकली काढायच्या आणि परत आल्यावर लिफ्टमध्येच लावायच्या. लिफ्टच्या आरशाच्या कडेला टिकल्यांची रांग असायची. मंगळसूत्र ब्लाउजच्या आत. तेव्हा कुणी मला विचारलं असतं की कडक कायदा हवा का, तर दोन्ही हात वर केले असते मी.

त्यामुळे तेव्हाच्या लोकांना आज उगाच झोडपू नये. हार्लेम या न्यूयॉर्कमधल्या काळ्या वस्तीचे प्रतिनिधी चार्ल्स रँगेल १९८६च्या कायद्याच्या बाजूने होते. काळ्या वस्तीतले कितीतरी पाद्री आणि महापौर १९९४चा कायदा करा म्हणत होते, कारण मरत होती ती त्यांचीच पोरं. त्यांनी पोलिसही मागितले होते आणि शाळा, नोकऱ्या, व्यसनमुक्ती केंद्रंसुद्धा. मिळालं काय? पोलिस आणि तुरुंग बऱ्यापैकी, बाकीच्याला कात्री. मध्यरात्रीच्या बास्केटबॉलची टीव्हीवर काय ती टिंगल चालली होती! पोरांना रात्री जिममध्ये गुंतवून ठेवायची साधी योजना, तिच्यावरून विधेयक ऑगस्टमध्ये एकदा आपटलं आणि पुन्हा आलं ते प्रतिबंधक योजनांचे पैसे कापूनच.

पण खिडकीपाशी, मुद्दा असा की आमच्या टिकल्या काढायला लावणाऱ्यांचं या फेडरल कायद्यांनी काही वाकडं केलं नव्हतं. मारहाण, चोरी, खून हे सगळं राज्याच्या कोर्टात चालतं.

---

उलटतपासणी

मावशींनी नेमकं बोट ठेवलंय, आता मी जरा खुसपट काढतो.

अमेरिकेत तुरुंगात असलेल्यांपैकी फेडरल कैदी किती? साधारण दहातला एक. बाकी सगळे राज्यांचे आणि काउंटीचे (जिल्ह्यांचे). 'तीन गुन्हे आणि जन्मठेप' वॉशिंग्टन राज्याने १९९३लाच आणलं होतं, कॅलिफोर्नियाने १९९४च्या मार्चमध्ये. क्लिंटन यांची सही सप्टेंबरातली. कैद्यांची संख्या सत्तरच्या दशकापासून चढतीच होती. आणि हिंसक गुन्हे १९९१लाच शिखरावर जाऊन उतरायला लागले होते. म्हणजे फेडरल कायद्याने तुरुंगही भरले नाहीत आणि गुन्हेही कमी केले नाहीत. मग धडा कसला घ्यायचा?

---

खिडकीपाशी

@रानमेवा, गुन्हे उतरले हे खरंच आहे, पण उतार १९९४च्या आधी सुरू झाला. पोलिस वाढल्याने फरक पडला, त्याचा वाटा मात्र माफक. इतक्या वर्षांच्या अभ्यासातून बऱ्यापैकी पक्कं झालेलं एक असं की गुन्हेगार घाबरतो ते पकडले जाण्याला. शिक्षा १० वर्षांची की २० वर्षांची याचा हिशोब १९ वर्षांचं पोरगं करत नाही. आणि चाळिशी उलटली की बहुतेकांची रग उतरते, त्यापुढची वर्षं सरकार नुसतं पोसतं.

@उलटतपासणी, खुसपट मान्य, निष्कर्ष नाही. फेडरल कैदी १९८०ला २५ हजारांच्या आसपास होते, २०१३ला २ लाख १९ हजार. ही वाढ राज्यांच्या नावावर कशी टाकणार? त्यातला मोठा भाग अमली पदार्थांचा. राज्यांचं म्हणाल तर १९९४च्या कायद्याने गाजर दाखवलं होतं : हिंसक गुन्ह्याला ८५ टक्के शिक्षा भोगायला लावा आणि तुरुंग बांधायला पैसे घेऊन जा. अनेक राज्यं त्या वाटेवर आधीच होती, त्यांना बक्षीस मिळालं. काही कुंपणावरची होती, ती उतरली. तुरुंग एकदा बांधला की तो रिकामा राहत नाही, आसपासच्या गावाची नोकरी त्यावर चालते.

शिवाय मोजायला कठीण असं एक नुकसान झालं. सक्तीची किमान शिक्षा आली की न्यायाधीशाचा अधिकार जातो, पण तो हवेत विरत नाही, सरकारी वकिलाकडे जातो. कुठलं कलम लावायचं हे तोच ठरवतो, आणि कलम ठरलं की शिक्षा ठरली. यूटामधलं २००४चं प्रकरण. पंचविशीतला मुलगा, गाण्यांचा धंदा करू पाहणारा, आधी तुरुंगाचं तोंड न बघितलेला. पोलिसांच्या खबऱ्याला त्याने गांजा विकला. खबऱ्या म्हणाला, त्याच्याजवळ पिस्तूल होतं. पिस्तूल कुणावर रोखलं नाही, झाडलं नाही. सरकारी वकिलाने सांगितलं, गुन्हा कबूल कर, १५ वर्षांत मिटवतो. तो नाही म्हणाला. झालं, नवं आरोपपत्र आलं आणि त्यात बंदुकीची कलमं वाढली. तेव्हाच्या कायद्याचं गणित असं : पहिल्या वेळेच्या बंदुकीला ५ वर्षं, पुढच्या प्रत्येक वेळेला २५, आणि सगळ्या एकीपुढे एक. ५ + २५ + २५ = ५५.

न्यायाधीश पॉल कॅसल. यांना कुणी मवाळ म्हणणार नाही, धाकट्या बुश यांनी नेमलेले. ही शिक्षा अन्यायकारक, क्रूर आणि अतार्किक आहे असं त्यांनी निकालपत्रात लिहिलं, आणि तरीही ५५ वर्षं दिली, कारण हात बांधलेले. त्याच दिवशी त्यांनी एका वृद्धेला ओंडक्याने मारून टाकणाऱ्या माणसाला २२ वर्षं दिली होती. तिथे तक्ता तेवढंच म्हणत होता. गांजावाला २०१६ला सुटला, तोही बऱ्याच मोठमोठ्या लोकांनी त्याच्यासाठी शब्द टाकल्यावर.

फेडरल खटल्यांत १००पैकी ९०हून अधिक शिक्षा कबुलीजबाबावर होतात. का होतात ते वरच्या १५ आणि ५५मध्ये आहे.

---

रानमेवा_७२

हे माहीत नव्हतं. २२ आणि ५५ एकाच दिवशी म्हणजे कहर आहे.

---

मुक्काम_पोस्ट

पॉपकॉर्न संपलं, थोडं अवांतर. ५ सप्टेंबर १९८९ला थोरले बुश टीव्हीवर आले आणि टेबलावरून एक प्लास्टिकची पिशवी उचलून दाखवली. म्हणाले, हे क्रॅक व्हाइट हाउससमोरच्या बागेत पकडलंय. सगळा देश हादरला. मग वॉशिंग्टन पोस्टने खणून काढलं की त्या लाफायेत पार्कात क्रॅक विकायला कुणी जातच नव्हतं. भाषणात तसं वाक्य हवं म्हणून अमली पदार्थविरोधी खात्याच्या एजंटांनी एका १८ वर्षांच्या पोराला फोन करून तिथे बोलावलं. त्याला व्हाइट हाउस कुठे आहे हेही माहीत नव्हतं, पत्ता विचारत आला बिचारा.

बागेतल्या विक्रीवर ज्युरीचं एकमत झालं नाही. पण आधीच्या विक्रीसाठी १० वर्षं बसली, सक्तीची. न्यायाधीश त्याला म्हणाले, बुश यांनी भाषणात तुझा उपयोग करून घेतला, आता त्यांच्याकडेच शिक्षा कमी करायचा अर्ज कर.

---

वऱ्हाडी_वकील

दोन दिवस कोर्टात अडकलो होतो, उशिरा येतोय. नागपूरला एनडीपीएसची (आपल्या अमली पदार्थविरोधी कायद्याची) प्रकरणं चालवतो, त्यामुळे हा धागा वाचताना सारखं 'हे तर आपलंच' वाटत होतं.

आपला कायदा १९८५चा, म्हणजे त्यांच्यापेक्षा वर्षभर आधीचा. त्यात सुरुवातीला वजनाच्या पायऱ्याच नव्हत्या. स्वतःपुरतं अगदी थोडं जवळ बाळगलं एवढं सिद्ध केलं तर फार तर वर्षभर, नाहीतर (गांजा सोडला तर) ट्रक भरून नेणाराही किमान १० वर्षं आणि पुडीवालाही किमान १० वर्षं. २००१ला पायऱ्या आल्या : गांजा १ किलोपर्यंत अल्प, २० किलोच्या वर व्यावसायिक, हेरॉईन ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम. व्यावसायिक म्हटलं की किमान १० वर्षं आणि जामीन जवळपास अशक्य.

आता वजन कशाचं धरायचं? अमेरिकेत १९९१ला चॅपमन नावाचा खटला सुप्रीम कोर्टात गेला. एलएसडी कागदावर थेंब टाकून विकतात. त्या माणसाकडे हजार डोस होते. नुसतं एलएसडी ५० मिलिग्रॅम, कागदासकट ५.७ ग्रॅम. १ ग्रॅमच्या वर ५ वर्षं. कोर्टाने कागद धरून वजन केलं. म्हणजे शिक्षा झाली ती कागदाच्या जाडीची.

आपल्याकडे २००८ला सुप्रीम कोर्टाने उलट सांगितलं होतं : शुद्ध माल किती तेच बघा, भेसळ धरू नका. २०२०ला हीरा सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते फिरवलं, मिश्रणाचं एकूण वजन धरायचं. आता गर्दुल्ल्याला भेसळ करकरून जी पावडर विकतात तिच्यात माल चिमूटभर आणि बाकी काय काय. वजन मात्र सगळ्याचं. शुद्ध माल बाळगणारा वरचा माणूस वजनात हलका पडतो, खालचा जड. अमेरिकेत नेमकं हेच झालं.

एक चांगली बातमीही सांगतो. दुसऱ्यांदा मोठ्या साठ्यासह दोषी ठरला तर फाशीच, दुसरा पर्यायच नाही, असं कलम आपण १९८९ला घातलं होतं. इंडियन हार्म रिडक्शन नेटवर्कच्या याचिकेवर मुंबई हायकोर्टाने २०११ला सांगितलं, न्यायाधीशाला पर्याय न ठेवणारी फाशी घटनेत बसत नाही. २०१४ला संसदेने कायदाच दुरुस्त केला. तेव्हा रस्ता आहे, पण तो कोर्टातून जास्त जातो, सभागृहातून कमी.

---

जर्सीतली_मावशी

वकीलसाहेब, कागदाच्या जाडीची शिक्षा हे घरी मोठ्याने वाचून दाखवलं. कुणाचा विश्वास बसेना.

---

उलटतपासणी

ठीक, पटतंय बरंचसं. पण मुदतीचा उपाय मला अजून पटत नाही. प्रत्येक शिक्षेला १० वर्षांची मुदत घातली तर दर दहा वर्षांनी तोच बाजार भरेल आणि तेव्हाच एखादा लेन बायस गेला असेल तर? शिक्षा वाढवूनच बाहेर येईल. शिवाय १९९४च्याच कायद्यात एक झडप होती ना? पहिलाच गुन्हा, हिंसा नाही, म्होरक्या नाही आणि सगळं खरं सांगितलं तर न्यायाधीश किमान शिक्षेच्या खाली जाऊ शकत होता. मला वाटतं अशी झडप रुंद करणं हाच खरा मार्ग.

---

खिडकीपाशी

झडपेचा मुद्दा रास्त आहे आणि १९९४च्या कायद्याला ते श्रेय कुणी देत नाही. फर्स्ट स्टेपने ती रुंदही केली. पण झडप कुणासाठी उघडायची हेसुद्धा पुन्हा कायद्याच्या अक्षरावर ठरतं, आणि तिथे काय घोटाळे होतात ते बघा. २०१८ला जुन्या क्रॅक-कैद्यांना फेरविचाराची संधी दिली. ज्यांना सक्तीची ५ किंवा १० वर्षं लागली होती, म्हणजे जास्त मालवाले, ते पात्र ठरले. फ्लोरिडातल्या एकाकडे ३.९ ग्रॅम सापडले होते. आधीच्या गुन्ह्यांमुळे त्याला सराईत ठरवून साडेपंधरा वर्षांहून जास्त शिक्षा झालेली. त्याने अर्ज केला. २०२१ला सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं, तू अपात्र. कारण २०१०च्या कायद्याने ५ आणि ५० ग्रॅमच्या पायऱ्या बदलल्या. तू पाचाच्या खाली होतास, तुझी पायरी बदललीच नाही. सगळ्यात कमी माल, म्हणून दिलासा नाही.

मुदत म्हणजे शिक्षा आपोआप रद्द, असं मी म्हणत नाही. मुदत संपली की आयोगाने आकडेवारी मांडायची आणि सभागृहाने हो किंवा नाही म्हणायचं, एवढंच. आज काहीच न करणं म्हणजे 'हो' धरलं जातं. १८चं प्रमाण १ वर आणणारं विधेयक २०२१ला प्रतिनिधिगृहात ३६१ विरुद्ध ६६ने मंजूर झालं. एवढं बहुमत! सिनेटमध्ये ते पडलंसुद्धा नाही, नुसतं राहून गेलं.

एक गोष्ट मात्र बिनबोभाट दुरुस्त झाली. कैद्यांचं कॉलेजचं अनुदान १९९४ला गेलं होतं, ते २०२०च्या डिसेंबरात खर्चाच्या भल्यामोठ्या विधेयकात गुंडाळून परत आलं, २०२३च्या जुलैपासून लागू. कुणी भाषण केलं नाही, म्हणून झालं, असं माझं मत.

---

रानमेवा_७२

वकीलसाहेब, शेवटचा प्रश्न. आपण २००१ला पायऱ्या आणल्या तेव्हा आधीच आत असलेल्या पुडीवाल्यांचं काय झालं? त्यांना फायदा मिळाला?

---

वऱ्हाडी_वकील

ज्यांचा खटला खालच्या कोर्टात चालू होता त्यांना मिळाला. ज्यांना शिक्षा होऊन अपील पडून होतं त्यांना नाही. दुरुस्तीतच तसं परंतुक आहे. केरळच्या बशीर प्रकरणात त्याला आव्हान दिलं होतं, दोघांत हा भेद का म्हणून. २००४ला सुप्रीम कोर्टाने परंतुक वैध ठरवलं. त्यामुळे ज्याचा खटला रेंगाळला तो नव्या कायद्यात बसला आणि ज्याचा वेळेत निकाल लागला तो १० वर्षं पुरी करून बाहेर आला.